तीन उलटे टाके

३ फेब्रुवारी

धाकटे,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसायला नको म्हणून कागद बदलला. आता या दुसऱ्या कागदावर नुसतं धाकटे आहे. चौदा वर्षांनी एवढंच जमतंय, चालवून घे.

तुझा पत्ता ऑफिसातून मिळाला. हो, आपल्याच कंपनीच्या ऑफिसातून. कारखान्याची एक बाजू पुन्हा उघडतायत. बाहेरून येणाऱ्या बुटांवर सरकारनं नवा कर बसवलाय, आणि बुटावर 'इथेच बनलेला' अशी चिठ्ठी लावली की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं, असं कुणीतरी वरच्यांना पटवून दिलंय. म्हणून चाचणी. बारा बायका, चारशे जोड. शिवणकाम शिकवणारं कोण उरलंय याची शोधाशोध झाली तेव्हा जुन्या यादीत जिवंत, हिंडतीफिरती आणि चष्मा लावून का होईना दिसणारी अशी मीच सापडले. मला त्यांनी 'प्रशिक्षक' म्हटलंय. काम परदेशात नेलं आणि ते शिकवायला तू तिकडे निघालीस, तेव्हा तुलाही हेच म्हटलं होतं.

शिलाईच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं. मशिनं तुझ्या मागोमाग बोटीनं गेली, ते तुला माहीत आहे. पण जिथं जिथं मशीन होतं तिथं फरशीचा चौकोन अजून उजळ आहे. ओळीच्या ओळी. तिसऱ्या ओळीत खिडकीपाशी, आईच्या जागी, तिच्या टाचेनं पडलेली खळगी आहे. नवी मशिनं मांडताना एक नेमकं तिथंच आलं. मी तिथं कुणाला बसवलं नाही. का विचारलं तर सांगितलं, तिथं उजेड डोळ्यांवर येतो.

आता मुद्द्याचं. कामाचा तक्ता तिकडूनच आलाय, तुमच्या कारखान्यातून. बुटाच्या वरच्या भागाच्या शिलाईच्या चौसष्ट पायऱ्या, प्रत्येकीपुढे सेकंद. मी बायकांना एकेक वाचून दाखवत होते. सदतिसावी पायरी अशी आहे: लेसखालच्या जिभेच्या आतल्या कापडावर, मध्यापासून जरा डावीकडे, तीन टाके मागे. मग अस्तर बंद. वेळ अकरा सेकंद.

मी वाचता वाचता थांबले. बायकांना वाटलं मला चक्कर आली.

तुला आठवत असेलच. एका जोडात खोट निघाली की मुकादम अख्ख्या ओळीचा दिवस कापायचा. म्हणून बायकांनी आपसात ठरवलं, जिनं तिनं जिभेच्या आत, अस्तराखाली, आपली खूण घालायची. खोट निघाली की जीभ उसवायची आणि जिची खूण तिनं उभं राहून सांगायचं, माझं आहे. माझा एक लांब तिरका टाका. तुझे दोन, मध्ये गाठ. आणि आईचे तीन उलटे, डावीकडे. घालून झाले की ती नखानं दोरा ताणायची, आपल्यापुढे धरायची आणि म्हणायची, ओढून बघ.

त्या खुणेचा शिवणीशी काडीचा संबंध नाही. बूट तिच्यावाचून तितकाच टिकतो. मग ती तुमच्या तक्त्यात कशी गेली? तू शिकवताना तुझी सोडून आईची खूण घातलीस, आणि त्या लोकांना वाटलं हाही शिकवण्यातलाच भाग, असंच ना? मुद्दाम घातलीस की हाताच्या सवयीनं? एवढं एकच मला हवंय. बाकी काही लिहू नकोस.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. पत्र पोचायला किती दिवस लागतात मला ठाऊक नाही, म्हणून रागवत नाही. रागवायचं असतं तर मला कारण लागत नाही, हे तुला माहीत आहे.

इथं एक तरुण इंजिनिअर दिलाय. गळ्यात घड्याळ, हातात पाटी. बायका त्याला मोजणीसाहेब म्हणतात, त्याच्या तोंडावरसुद्धा. मुलगा बरा आहे, मला मावशी म्हणतो, खुर्ची देतो आणि मग माझ्या बायकांनी नाक पुसलं तरी त्याचे सेकंद लिहितो. त्यानं मला एकदा सगळं समजावलं. इथल्या एका मिनिटाच्या मजुरीत तिकडची सहा मिनिटं येतात. म्हणजे इथल्या बाईनं सहापट चटचट हात चालवावा, नाहीतर पायऱ्या कमी कराव्यात. हात सहापट चालत नाहीत, म्हणून तो पायऱ्या शोधतोय.

मी विचारलं, काम तिकडे गेलं तेव्हा दुकानातली किंमत किती उतरली? तो हसला. उतरली नाही, मावशी. अख्ख्या बुटाच्या किमतीत शिवणारीचा वाटा लेसच्या जोडीहून जरासा जास्त, एवढाच होता म्हणे. तेवढ्यासाठी आपला हॉल रिकामा झाला. आणि आता परत आणायचं म्हटलं तर नुसती शिवणारी आणून भागत नाही. लेसच्या भोकांच्या कड्या करणारा आता स्कूटर दुरुस्त करतो. डिंकाचा कारखाना बंद. फोम, सोल, खोकी, सगळे तुमच्या आसपास जाऊन बसलेत, एका हाकेच्या अंतरावर. इथं खिळा कमी पडला तर बोटीची वाट बघायची. 'इथेच बनलेला' म्हणजे इथे शिवलेला, एवढाच अर्थ.

हे सगळं तू रोज बघत असशील. मीच नवं नवं शिकतेय.

आईची जागा मी अजून रिकामीच ठेवलीय. तुला हसू येईल, पण जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं बंद असतात तेव्हा मला तिथून आवाज येतो. सरळ चालत येणारं मशीन, मग थांबणं, मग तीन ठोके मागे. मी कानांची तपासणी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत.

ताई


९ मार्च

धाकटे,

मी घाण करून ठेवली.

चाचणीत आम्ही मागे पडतोय. एका जोडाला चौतीस मिनिटं हवीत, आमची छत्तीस भरतात. परवा मोजणीसाहेबानं वरच्या साहेबांना बोलावून बैठक घेतली, आणि तुमच्याकडचे दोघं पडद्यावर दिसत होते. मला वाटलं, तिकडचं कुणीतरी बोलतंय, तर तुझ्याबद्दल काही कळेल. सरळ विचारायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, ही सदतिसावी पायरी कुणी सुरू केली हो?

सगळ्यांनी तक्ते चाळले. कुणालाच माहीत नाही. पडद्यावरचा एक म्हणाला, ती पहिल्यापासून आहे. मोजणीसाहेबानं माझ्याकडे बघितलं. मावशी, तिचा उपयोग काय?

मी काय सांगू? चौदा वर्षं ती पायरी कुणी विचारलं नाही म्हणून जगली, आणि विचारणारी मी निघाले. मी म्हटलं, ताकद येते. त्यानं लगेच एक जीभ खुणेसकट आणि एक खुणेशिवाय ओढायच्या मशीनला लावली. दोन्ही सारख्याच ताकदीवर फाटल्या.

पायरी काढली. इकडचीही आणि तुमच्याकडचीही. इकडे आमचा काही तेवढ्यानं उद्धार झाला नाही, पण तुमच्याकडचा आकडा ऐकून मी खुर्चीतच बसून राहिले. दिवसाला नऊ हजार जोड. जोडामागे बावीस सेकंद. मोजणीसाहेबानं तिथल्या तिथं पाटीवर मांडलं: पंचावन्न तास. आठ तासांची पाळी धरली तर सात बायका. पडद्यावरचा माणूस खूष झाला, त्यानं माझे आभार मानले.

सात बायका, धाकटे. आपल्या आईच्या तीन टाक्यांवर इतकी वर्षं सात घरं चालत होती आणि आपल्यातल्या कुणाला पत्ता नव्हता. आता त्या घरी बसतील, आणि त्यांना घरी बसवणारी मी. आम्हाला घरी बसवलं तेव्हा मी तुला फोनवर काय काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवतंय. आमच्या हातातलं काम तू त्यांच्या हातात देऊन आलीस, आता इकडे तोंड दाखवू नकोस. तू त्यावर काही म्हणाली नव्हतीस. तू रडत होतीस की लाइन खराब होती, हे मी आजवर ठरवू शकले नाही. खरं तर ठरवायचंच नव्हतं.

त्या सातजणी कोण आहेत, तू ओळखतेस का? तूच शिकवलं असशील त्यांना.

ताई


१० मार्च

धाकटे,

कालचं पत्र टाकलं आणि घरी आल्यावर कळलं, जे लिहायचं ते राहूनच गेलं. माझं नेहमीचंच आहे. नको ते घडाघडा बोलते.

पत्ता मला ऑफिसातून मिळालेला नाही. तुझ्या पाकिटांवरून घेतला. सात पाकिटं आहेत माझ्याकडे, तू आईला पाठवलेली. एकही फोडलेलं नाही. आईच्या हातात एकही दिलेलं नाही. पोस्टमन यायच्या वेळेला मी दारात उभी असायची. कपाटात चादरींच्या खाली ठेवली, आणि चादरी बदलताना दर वेळी दिसायची. बैठकीत त्या सातजणींचा आकडा ऐकला तेव्हा मला आधी ही सात पाकिटंच दिसली.

आता पुढचं. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

कारखाना बंद झाल्यावर वर्षभरानं शेजारणीनं नवे बूट आणले, कंपनीचे, तिकडून आलेले. आई ते हातात घेऊन बसली. सगळ्या शिलाईवरून बोट फिरवलं, मग स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि मला काही कळायच्या आत जीभ उसवली. शेजारणीचे बूट, नवे कोरे. मी धावले. आई नुसती जिभेच्या आत बघत होती. मला म्हणाली, "हे मी शिवलंय. मी अजून कामावर जाते का ग?"

मी बघितलं. तीन उलटे टाके होते, डावीकडे. मला लख्ख दिसले.

मी म्हटलं, "काही नाहीये आई. नुसता दोरा आहे."

का म्हटलं? तुझ्यावरच्या रागानं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की तू आईची खूणसुद्धा घेऊन गेलीस. मला वाटलं, उद्या तिकडे खोट निघाली तर आईच्या नावावर जावी म्हणून ही घातलीस. इतकं वाईट माझ्या मनात आलं. आणि आई विचारत होती तर तिला तुझं नाव सांगायचं नव्हतं.

त्यानंतर ती थांबली नाही. कुणाच्याही दाराबाहेर बूट दिसला की कात्री. मी लोकांची भरपाई करत फिरले, कात्र्या लपवल्या, तर ती दातांनी उसवायला लागली. कधी म्हणायची मी रोज जाते, तुम्ही मला सांगत नाही. कधी म्हणायची, धाकटीनं निरोप पाठवलाय. एकदा तर स्वच्छ डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाली, "ती सांगतेय, आई, चूक माझी आहे, पण हात तुझा आहे." मी म्हटलं, तुला भास होतायत. डॉक्टरांना पण तेच सांगितलं, आणि त्यांनी भासांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या मीच देत होते, सकाळी एक, दुपारी एक. ती गोळी घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. शेवटी शेवटी तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता. आणि ती बरोबर होती, धाकटे. पहिल्यापासून बरोबर होती.

ती गेल्याचं तुला तीन आठवड्यांनी ऑफिसामार्फत कळवलं, दोन ओळींत. न लिहिलेली तिसरी ओळ ही होती.

तू ते मुद्दाम केलंस का, हे मी पहिल्या पत्रात विचारलं ते यासाठी. हाताच्या सवयीनं झालं असेल तर मी एका म्हातारीला उगाच फसवलं. मुद्दाम असेल तर तुझा निरोप तिच्या हातात पोचला होता, आणि मी तो तिच्या हातातून काढून घेतला. दोन्हींतलं कुठलं खरं निघालं तर मला झोप लागेल, हे मला ठरवता येत नाही. पण कळव.

पाकिटं अजून बंद आहेत. ती माझी नाहीत.

ताई


२ मे

धाकटे,

चाचणी पास झाली. पास म्हणजे कशीबशी. बारामधल्या आठजणींना वर्षभराचं काम. बाकीच्या चौघींना मीच सांगावं असं साहेबांना वाटलं, कारण मी बाईमाणूस आहे आणि नीट सांगेन. नीट सांगितलं. त्यातली एक म्हणाली, मावशी, आम्ही कमी पडलो का? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मग? मग काय, तिच्यापुढे सहा मिनिटांची गोष्ट कुठून सुरू करू?

पहिल्या चारशे जोडांतले बरेचसे दुकानात मांडले. शेजारी तुमचे, स्वस्तातले. पाहणी करणाऱ्यांना सगळ्या गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं की आम्ही इथलाच घेऊ. घेताना तुमचा घेतला. मी स्वतः एका दुपारी दुकानात उभी राहून बघितलं. एक बाई माझे बूट हातात घेऊन, चिठ्ठी वाचून, हसून परत ठेवून गेली. मला तिचा राग आला नाही. तिच्या हातात रोजची भाजीची पिशवी होती.

मोजणीसाहेब सांगत होता, तुमच्याकडचं मिनिटही आता महागलंय. काम आणखी पुढे हलवणार, दुसऱ्या देशात. तुमचा हॉल या वर्षअखेर रिकामा करणार. तो हे मला खूषखबर सांगितल्यासारखं सांगत होता. चौदा वर्षांपूर्वी हे ऐकून मी पेढे वाटले असते. आता माझ्या डोळ्यांपुढे एकच आलं, तुमच्याही फरशीवर चौकोन राहतील.

तुमच्याकडून दर महिन्याला नमुन्याचे जोड येतात, तुलनेसाठी. एप्रिलचे मी उसवून बघितले. जिभेच्या आत काही नाही. कोरं कापड. दोन्ही बुटांत. मी पुन्हा पुन्हा बोट फिरवलं, आई फिरवायची तसं. आता मी जर आईला म्हटलं असतं, काही नाहीये, तर ते खरं ठरलं असतं.

सुट्टीत येणारा आवाजही बंद झालाय. तो येत होता तेव्हा भीती वाटायची. आता जास्त वाटते.

तू लिहिणार नाहीस, हे मी धरून चाललेय.

ताई


१७ जून

धाकटे,

आज सकाळी नमुन्यांच्या खोक्यांत एक खोकं जास्तीचं निघालं. नमुना नेहमी एकाच मापाचा येतो. हे माप लहान होतं. मोजणीसाहेब म्हणाला, मावशी, चुकून आलं असेल, परत पाठवतो. मी खोकं छातीशी धरलं आणि त्याला म्हटलं, हात लावू नकोस. बिचारा दोन पावलं मागे सरला.

आईचं माप. आत चिठ्ठी नाही, ओळ नाही, काही नाही. तुझं हे नेहमीचंच.

खोकं घेऊन मी आईच्या जागेवर जाऊन बसले. खळगीत टाच बसली. ब्लेडनं डाव्या बुटाची जीभ उसवली. तीन उलटे टाके, डावीकडे. त्यांच्याशेजारी दोन टाके, मध्ये गाठ. दुसरा टाका डावीकडे ओढलेला. तो तू लहानपणापासून तसाच ओढतेस, आई त्यावरून तुला किती बोलायची. दुसऱ्या कुणाचा हात असूच शकत नाही.

मग उजवा उसवला. तीन उलटे टाके. त्यांच्याशेजारी तुझे नाहीत. तिथं दोन भोकं आहेत. नुसती सुई घातलेली, दोरा नाही. एक वर, एक खाली, तिरकी. मी माझा टाका जिथं घालते, नेमकं तेवढ्या अंतरावर.

बायका उठून आल्या. मी त्यांना सांगितलं, माझ्या आईची शिलाई आहे ही. मोठ्यानं सांगितलं, हॉलभर ऐकू जाईल असं. मग आणखी एकदा सांगितलं, आणि या वेळी त्यांना सांगत नव्हते. हो आई, तुझीच आहे. तुला दिसत होतं ते खरं होतं. त्या आठजणींतलं कुणी हसलं नाही. मशिनं बंद होती आणि कुठूनही आवाज आला नाही.

मुद्दाम होतं तर. मला उत्तर मिळालं, आणि त्यानं माझं ओझं दुप्पट केलं, हे तुला कळत असेलच. कळूनच पाठवलंस.

ती भोकं कशासाठी पाडलीस, मी दुपारभर विचार केला. माफ केलंस म्हणून, की जिची चूक तिनं उभं राहावं म्हणून? आपल्या ओळीत खुणेचा अर्थ एकच होता. म्हणून मी तोच धरते.

त्या भोकांतून माझा टाका मशीनवर घातला नाही, हातानं घातला. सुईत दोरा ओवताना चार वेळा चुकले. माझं आहे.

डावा बूट माझ्याकडे ठेवलाय, सात पाकिटं त्याच्याखाली ठेवलीत. ती तूच येऊन फोड. उजवा या पत्राबरोबर पाठवतेय. जीभ मुद्दामच उघडी ठेवलीय, अस्तर शिवलेलं नाही. ओढून बघ.

ताई